ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये भर घालायची आहे, पण प्रोग्रॅमिंग येत नाही. सुरुवात कशी करावी?

अंबाझरी_भूगोल यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला भूगोल शिकवते आणि प्रात्यक्षिकांसाठी गेली काही वर्षे क्यूजीआयएस हे नकाशांचे मुक्त सॉफ्टवेअर वापरते. परवान्याचा खर्च नसल्यामुळे विद्यार्थी ते आपापल्या लॅपटॉपवर घेऊन घरी सराव करू शकतात, आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो यांसारख्या संस्था याच शहरात असल्यामुळे पुढे प्रकल्पांच्या आणि नोकरीच्या निमित्ताने हा विषय त्यांच्या उपयोगी पडतो. ज्या सॉफ्टवेअरवर आमचा सगळा वर्ग चालतो, त्याच्यासाठी आपणही काही काम करावे असे मला मनापासून वाटते. कोड लिहिणे माझ्या आवाक्यातले नाही. शिकवणे आणि समजावून सांगणे मात्र मी रोजच करते.

मला ज्या विषयावर लिहायचे आहे तो असा. गावांचे बिंदू आमच्याकडे बहुधा अक्षांश-रेखांशांत असतात. अंतरे आणि क्षेत्रफळे मीटरमध्ये हवीत म्हणून विद्यार्थी ते यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक प्रणालीत न्यायला निघतात. नागपूर ७८ ते ८४ अंश पूर्व या पट्ट्यात, म्हणजे ४४ उत्तर या विभागात येते आणि त्याचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे निर्देशांक प्रणाली ओळखण्याचा ठरलेला क्रमांक, ३२६४४ आहे, हे त्यांना पाठ असते. पण रूपांतर करून नवा थर (लेयर) तयार करण्याऐवजी ते ‘सेट लेयर सीआरएस’ ही थराची निर्देशांक प्रणाली ठरवणारी आज्ञा उघडून नुसता क्रमांक बदलतात. त्यामुळे आकडे आहेत तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ तेवढा बदलतो. ७९ अंश पूर्व आणि २१ अंश उत्तर हे आता ७९ मीटर आणि २१ मीटर म्हणून वाचले जाते, आणि नागपूर जिल्ह्यातील सगळी गावे कन्याकुमारीच्याही बऱ्याच दक्षिणेला, हिंदी महासागरात विषुववृत्तावर, एका ठिपक्यात गोळा होतात. पडद्यावर पांढऱ्या जागेशिवाय काहीच दिसत नाही आणि विद्यार्थ्याला वाटते की फाइलच खराब झाली. दरवर्षी नव्या तुकडीतील कोणी ना कोणी इथे अडकतेच. ही अडचण ओळखावी कशी आणि तीतून बाहेर कसे पडावे, हे सांगणारा छोटासा मजकूर अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये असावा असे मला वाटते.

माझ्या शंका अशा आहेत. प्रोग्रॅमर नसलेल्या व्यक्तीचे असे योगदान खरोखर स्वीकारले जाते का? माझे इंग्रजी कामापुरते चांगले आहे, पण शैलीदार नाही. त्याने अडेल का? दुसरे म्हणजे, मूळ इंग्रजीत भर घालण्याऐवजी आधी मराठी भाषांतराचे काम हाती घेणे अधिक उपयुक्त ठरेल का? आणि प्रशिक्षण पुस्तिकेतील सराव दक्षिण आफ्रिकेतील स्वेलेंडम गावाच्या परिसरावर आधारलेले आहेत. त्यांच्या जागी नागपूरची उदाहरणे सुचवता येतील का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतापनगर_वाचक यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे. गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये ओपन सोर्स क्षेत्रातील लोकांचे एक मोठे सर्वेक्षण केले होते. त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा जुने झालेले डॉक्युमेंटेशन ही सर्रास भेडसावणारी अडचण असल्याचे सांगितले, आणि त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही असेही सांगितले. म्हणजे गरज सगळ्यांना दिसते, पण काम करायला माणसे पुढे येत नाहीत. इंग्रजीबद्दलही त्याच पाहणीत एक दिलासा आहे: या समुदायातील जवळपास २५ टक्के लोकांना इंग्रजी वाचता-लिहिता येते, पण ‘फार चांगले’ येत नाही. असे वाचक एवढे असताना लहान वाक्यांचे, साधे, आज्ञार्थी इंग्रजी हा गुणच ठरतो. व्याकरणाच्या किरकोळ दुरुस्त्या तपासणारे लोक आपणहून सुचवतात. भाषांतराबद्दल म्हणाल तर आधी मूळ इंग्रजीत भर घाला आणि मग भाषांतराकडे वळा.

तुम्ही निवडलेला विषय मला फार मोलाचा वाटतो, आणि तो का मोलाचा आहे हे थोडे विस्ताराने सांगतो. ज्याने सॉफ्टवेअर लिहिले त्याला प्रणाली ‘ठरवणे’ आणि प्रणाली ‘बदलणे’ यांतील फरक इतका सवयीचा झालेला असतो की तिथे कोणी घसरेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. त्यातच क्यूजीआयएस २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून वेगवेगळ्या प्रणालींतील थर आपोआप जुळवून दाखवते, त्यामुळे अक्षांश-रेखांशांतील थर यूटीएमच्या प्रकल्पातही नीट जागेवर दिसतो आणि विद्यार्थ्याला रूपांतराची आवश्यकता कळायला उशीर होतो. नेमके कोणत्या पायरीवर माणूस अडतो, त्याला पडद्यावर काय दिसते आणि त्यावरून तो कोणता चुकीचा निष्कर्ष काढतो, हे वर्गात समोर पाहिलेल्या शिक्षकालाच ठाऊक असते. हे निरीक्षण प्रकल्पाला दुसरीकडून सहजासहजी मिळत नाही.

मात्र लिहायला बसण्यापूर्वी शोध घ्या. क्यूजीआयएसचे डॉक्युमेंटेशन मोठे आहे: वापरकर्त्याची मार्गदर्शिका, प्रशिक्षण पुस्तिका, जीआयएसची (भौगोलिक माहिती प्रणालीची) प्राथमिक ओळख करून देणारा भाग, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीची पुस्तिका, आणि खुद्द डॉक्युमेंटेशन कसे लिहावे याचे नियम. तुम्हाला जे सांगायचे आहे ते दुसऱ्या एखाद्या प्रकरणात आधीच असू शकते. तसे निघाले तर नवा परिच्छेद लिहिण्याऐवजी योग्य जागेवरून तिकडे दुवा देणे हेच योगदान ठरेल. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की पुढे एक जागा दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहते. कोणत्याही प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमधील निम्मी विसंगती मला अशीच निर्माण झालेली दिसते. शोधून झाल्यावर डॉक्युमेंटेशनच्या गिटहब भांडारात (त्याच्या फाइली जिथे असतात तिथे) एक ‘इश्यू’, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा आणि त्यात अडचण, आवृत्ती आणि भर कोणत्या पानावर सुचवत आहात ते लिहा. त्याच भांडारात नव्या सुविधांसाठी उघडलेले इश्यूही दिसतील: कोडमध्ये नवी सुविधा दाखल होताना तिच्यावर ‘डॉक्युमेंटेशन हवे’ अशी खूण असेल तर इकडे आपोआप नोंद तयार होते. पुढचे काम शोधायला ती यादी उत्तम आहे.

मजकूर कोणत्या पानावर जावा हेही महत्त्वाचे. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची पद्धत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार मानते: शिकवणारा धडा, एखादे काम कसे करावे याची कृती, संदर्भ, आणि स्पष्टीकरण. सगळे प्रकल्प ही विभागणी काटेकोर पाळत नाहीत, पण लिहिणाऱ्याला तिचा उपयोग होतो. यूटीएम म्हणजे काय हे स्पष्टीकरणाच्या पानावर शोभते. तुमची सूचना मात्र विद्यार्थ्याचा माउस ज्या आज्ञेवर जातो त्या आज्ञेच्या वर्णनालगतच हवी, कारण अडकलेला माणूस सिद्धान्ताचे प्रकरण उघडत नाही.

स्वेलेंडमच्या जागी नागपूर, हे मात्र सुचवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पुस्तिकेतील सराव, चित्रे, उत्तरे आणि नमुना माहिती एकमेकांत गुंतलेली आहेत. एक गाव बदलले तर सगळे पुन्हा तपासावे लागेल, आणि लिमाच्या किंवा मनिलाच्या विद्यार्थ्याला नागपूर हे स्वेलेंडमइतकेच परके आहे. नागपूरचे सराव तुम्ही वेगळ्या पुस्तिकेत लिहा आणि मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करा. त्याची आपल्या विद्यापीठांना फार गरज आहे. तिथे माहिती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावरून घेतली तर तिचा ओडीबीएल परवाना पाळून श्रेय द्यावे. सरकारी कार्यालयातून प्रकल्पापुरती मिळालेली नकाशामाहिती परवानगीशिवाय त्यात घालू नये.

सीताबर्डी_टर्मिनल यांचे उत्तर

तांत्रिक भाग मी सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच बिचकतात आणि बिचकण्यासारखे त्यात फारसे नाही. मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या लिखित स्वरूपात असतो आणि स्फिंक्स नावाचे साधन त्यापासून वेबपाने तयार करते. स्फिंक्स २००८ मध्ये पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच तयार झाले आणि आज असंख्य प्रकल्प ते वापरतात, त्यामुळे एकदा शिकलेले पुढेही कामी येते.

पहिल्या छोट्या बदलासाठी संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. गिटहबवर खाते उघडा, संबंधित फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारा. तुमच्या खात्यात भांडाराची प्रत तयार होते, तुम्ही बदल करता आणि शेवटी ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवता. तुमचा बदल मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये तात्काळ जात नाही, तो आधी कोणीतरी वाचतो, त्यामुळे आपल्या हातून काही बिघडेल ही भीती बाळगू नका.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या काही सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. शीर्षकाखालची रेघ शीर्षकाइतकी किंवा त्याहून लांब हवी. ती आखूड पडली की स्फिंक्स इशारा देतो. यादीच्या आधी एक ओळ मोकळी सोडावी लागते, नाहीतर सगळी यादी एका परिच्छेदात मिसळते. टीप किंवा इशारा लिहिताना आतील मजकूर समान अंतराने आत सरकवलेला असावा लागतो. एका ओळीचे अंतर चुकले की तेवढी ओळ चौकटीबाहेर पडते. मेनूतील मार्ग, बटणांची नावे आणि कळा यांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत, म्हणजे मेनूसाठी ‘मेनूसिलेक्शन’, बटणासाठी ‘जीयूआयलेबल’ आणि कळांसाठी ‘केबीडी’. या खुणा पाठ करण्याची गरज नाही. तुमच्या पानावर आधीच्या लेखकाने काय केले आहे ते पाहून तसेच करावे.

चित्र टाळता आले तर टाळावे. पडद्याचे चित्र पुढच्या आवृत्तीत सर्वांत आधी जुने होते आणि ते बदलायला पुन्हा कोणाला तरी तीच परिस्थिती उभी करावी लागते. चित्र अपरिहार्यच असेल तर संपूर्ण खिडकी न घेता संबंधित संवादचौकट तेवढी घ्यावी आणि रंगयोजना मूळचीच ठेवावी.

वर्धारोड_अनुवाद यांचे उत्तर

आधी मूळ इंग्रजी आणि मग भाषांतर, या क्रमाला माझा तत्त्वतः विरोध नाही, पण भाषांतराला नंतरचे काम म्हणून बाजूला सारू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पदव्युत्तर वर्गात एकदम इंग्रजी पुस्तिकेसमोर बसतात. विषय समजण्याची कुवत असूनही वाक्यरचनेपाशीच त्यांची दमछाक होते. शिवाय भाषांतरकार हा फार बारकाईने वाचणारा वाचक असतो: मूळ वाक्यात कर्ता कोण आणि ‘ते’ म्हणजे नेमके काय, हे ठरवल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही, आणि त्यातून मूळ मजकुरातील संदिग्धता उघड होते.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. क्यूजीआयएसच्या डॉक्युमेंटेशनचे भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालते. लिब्रेऑफिसचे वेबलेटवर चालते. मूळ मजकूर छोट्या तुकड्यांत विभागला जातो आणि प्रत्येक तुकड्याचे भाषांतर स्वतंत्र साठवले जाते. मूळ इंग्रजी वाक्य बदलले की त्याचे भाषांतर पुन्हा तपासावे लागते. म्हणून ज्या पानात तुम्ही स्वतः भर घालणार आहात ते पान आधी इंग्रजीत स्थिर होऊ द्या आणि मग मराठीत आणा. तेवढ्यापुरती मी प्रतापनगर_वाचक यांच्याशी सहमत आहे.

एक विनंती आहे. संपूर्ण मार्गदर्शिका मराठीत आणण्याचा संकल्प सोडून तुमच्या वर्गाला प्रत्यक्ष लागणारी दोन-तीन प्रकरणे निवडा आणि ती पूर्ण करा. अर्धवट भाषांतरित पानावर एक परिच्छेद मराठी आणि पुढचा इंग्रजी असे दिसते, आणि विद्यार्थ्याला ते पूर्ण इंग्रजी पानापेक्षाही जड जाते. विद्यार्थी इंग्रजी मेनू वापरत असतील तर मेनूंची नावे भाषांतरातही तशीच ठेवा. पुस्तिकेतले नाव पडद्यावर सापडले नाही तर भाषांतर कितीही सुंदर असले तरी उपयोगाचे नाही. यंत्राने केलेले भाषांतर न तपासता भरू नका, कारण चुकीचे वाक्य एकदा ‘पूर्ण’ म्हणून नोंदले गेले की ते पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

अंबाझरी_भूगोल यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे मी आधी शोध घेतला. प्रक्षेपणांविषयीच्या प्रकरणात थराची प्रणाली ठरवण्याचे वर्णन आहे, आणि रूपांतराच्या साधनाचे वर्णन स्वतंत्रपणे आहे. मला अभिप्रेत असलेली गोष्ट, म्हणजे चुकीचा क्रमांक दिला गेल्याचे ओळखावे कसे, ती पहिल्या वर्णनाजवळ टिपेच्या रूपाने बसू शकेल असे वाटते. माझ्या टिपेचा आशय इथे मराठीत देते. इंग्रजी मसुदा यावरूनच करीन.

“सेट लेयर सीआरएस वापरताना काळजी घ्यावी. ही आज्ञा निर्देशांक बदलत नाही. उदाहरणार्थ, नागपूरच्या अक्षांश-रेखांशांतील थराला ईपीएसजी ३२६४४ दिल्यास तो थर विषुववृत्तावर समुद्रात जातो. योग्य पद्धत म्हणजे रीप्रोजेक्ट लेयर हे साधन वापरणे, जे अगदी सोपे आहे.”

यात काय सुधारावे?

प्रतापनगर_वाचक यांचे उत्तर

आशय अचूक आहे आणि लांबीही योग्य आहे. तरीही काही बदल सुचवतो, आणि प्रत्येकामागचे कारणही सांगतो, म्हणजे पुढच्या मजकुरालाही ते लागू करता येईल.

सुरुवातीचे ‘काळजी घ्यावी’ हे वाक्य काढून टाका. ते वाचून वाचकाने नेमके काय करावे हे कळत नाही, आणि त्याची नजर ज्या पहिल्या ओळीवर पडते ती जागा वाया जाते. तिथे लक्षण लिहा: ही आज्ञा दिल्यावर थर दिसेनासा झाला, किंवा भलत्याच ठिकाणी गेला. अडकलेला माणूस आपल्याला दिसणाऱ्या लक्षणावरूनच शोध घेतो, त्याला कारण अजून माहीत नसते.

विषुववृत्ताचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो आपल्याकडे खरा आहे आणि सगळीकडे खरा नाही. यूटीएमच्या उत्तर विभागांत उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून शून्याने सुरू होते आणि मध्य रेखावृत्ताला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला असतो. म्हणून इतके लहान आकडे मध्य रेखावृत्ताच्या सुमारे साडेचार अंश पश्चिमेला, विषुववृत्तावर जाऊन पडतात. ४४ व्या विभागाचे मध्य रेखावृत्त ८१ अंश असल्यामुळे तुमची गावे साडेशहात्तर अंशांच्या आसपास समुद्रात दिसतात. दक्षिण विभागांत मात्र विषुववृत्तालाच १,००,००,००० मीटर हा आकडा दिलेला असतो, त्यामुळे तीच चूक स्वेलेंडमच्या विद्यार्थ्याने केली तर त्याचा थर अंटार्क्टिकात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जाईल. तुमची टीप वाचून तो विषुववृत्तावर शोधत बसेल आणि काहीच न सापडल्यामुळे आपली अडचण वेगळी आहे असे समजेल.

त्याऐवजी दोन्ही गोलार्धांत खरी ठरणारी खूण द्या. थराच्या गुणधर्मांत ‘इन्फर्मेशन’ या भागात थराची व्याप्ती दिलेली असते. प्रणालीचे एकक मीटर असताना व्याप्तीतील पूर्व-पश्चिम आकडे उणे १८० ते १८० आणि उत्तर-दक्षिण आकडे उणे ९० ते ९० यांच्या आत असतील, तर ते बहुधा अंशच आहेत. ही खूण कुठल्याही देशातील वाचक काही क्षणांत तपासू शकतो. नागपूरचे उदाहरण तुमच्या स्वतंत्र पुस्तिकेत पूर्ण तपशिलाने ठेवा. तिथे हेही जरूर सांगा की ४४ व्या विभागात नागपूरचा पूर्वेकडील आकडा ३ लाख मीटरच्या आसपास असतो. अमरावती आणि अकोला ७८ अंशांच्या पश्चिमेला, म्हणजे ४३ व्या विभागात येतात, त्यामुळे विदर्भाचा नकाशा करणाऱ्या कोणी चुकून ३२६४३ हा ४३ व्या विभागाचा क्रमांक वापरला तर नागपूरचा आकडा ९ लाखांच्या पुढे गेलेला दिसेल. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती सोन्यासारखी आहे, पण तिची जागा तिथे आहे.

‘अगदी सोपे आहे’ हे शब्द काढा. ज्याला ते जमत नाही तोच ही टीप वाचत असतो. आणि उपाय अर्धा राहिला आहे: नवे साधन वापरण्यापूर्वी थराला त्याची खरी प्रणाली, इथे अक्षांश-रेखांशांची ईपीएसजी ४३२६, परत द्यावी लागते, नाहीतर चुकीच्या गृहीतावरच रूपांतर होईल. मूळ आकडे बदललेले नसल्यामुळे काहीही गमावलेले नाही, हे एका वाक्यात अवश्य सांगा. फाइल खराब झाली असे तुमच्या विद्यार्थ्यांना वाटते असे तुम्हीच लिहिले आहे. ती भीती याच वाक्याने जाईल.

लिहून झाल्यावर एक नमुना थर घेऊन टिपेतील प्रत्येक पायरी स्वतः करून पाहा, आणि ती दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्तीत तसेच ताज्या आवृत्तीत, दोन्हींत पाहा. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येत असल्यामुळे मेनूतील जागा बदललेली असू शकते. दोन्हींत सारखेच असेल तर पुल रिक्वेस्टच्या वर्णनात तसे नमूद करा, म्हणजे तपासणाऱ्याला हा बदल जुन्या आवृत्तीच्या शाखेतही न्यायचा की नाही हे लगेच ठरवता येईल. इश्यूचा क्रमांकही तिथेच द्या. तपासणारे बहुतांशी आपला वेळ देऊन हे काम करतात, त्यामुळे उत्तराला थोडे दिवस लागू शकतात. त्यांनी सुधारणा सुचवल्यास नवी पुल रिक्वेस्ट न उघडता आहे त्याच शाखेत दुरुस्ती करा, कारण आधीची चर्चा तिथेच जोडलेली असते. इंग्रजी मसुदा तयार झाला की इथे दुवा टाका, मी वाचून देतो.